रोलला शिव्या घालायच्या आधी : जुनी डार्करूम चालू करणं आणि ब्लॅक अँड व्हाईट फिल्म टेस्ट करणं

तीन वर्षांपूर्वी मी लागोपाठ चार रोल धुतले (म्हणजे केमिकलमध्ये डेव्हलप केले) आणि चारही करडे निघाले. म्हणजे फोटो होते, पण सगळ्यांवर धुकं, पावसाळ्यात माथेरानला काढल्यासारखं. रोल एक्सपायर झालेले, स्वस्तात मिळालेले, त्यामुळे मी सरळ रोलला शिव्या घातल्या आणि ज्याच्याकडून घेतले त्यालाही मनातल्या मनात घातल्या. पाचव्या वेळी कोरा करकरीत नवा रोल टाकला, तोही करडा. मग काकाला फोन केला. काकाने एवढंच विचारलं, "टँकमधली नळी घातलीस ना रे?" मी म्हटलं कुठली नळी...

तर ती नळी म्हणजे फिल्म धुवायच्या पॅटरसन कंपनीच्या बंद टँकमध्ये मधोमध काळी प्लास्टिकची दांडी असते ना, जिच्यावर फिल्म गुंडाळलेलं रीळ चढवतात, ती. मी टँक जुन्या बाजारातून आणला होता, त्यात रीळ होतं, झाकण होतं, नळी नव्हती. मला वाटलं ती फक्त रीळ फिरवायला असते, हात फिरवून काम होईल. पण झाकणाचं नरसाळं आणि ती नळी दोन्ही मिळूनच उजेड अडवतात, नळी नसेल तर वरून ओतायच्या भोकातून उजेड सरळ फिल्मवर. चार रोल गेले, पाचवा पण गेला, आणि रोलचा काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून मी फिल्म टेस्ट सगळ्यात शेवटी करतो. कारण बघा, आपल्याकडे काही डेन्सिटोमीटर (निगेटिव्हचा काळेपणा मोजायचं यंत्र) नाहीये, निगेटिव्ह चांगली की वाईट हे आपण प्रिंट मारूनच ठरवणार, म्हणजे एनलार्जर (निगेटिव्हमधून उजेड पाडून पेपरवर मोठा फोटो उतरवायचं यंत्र) आणि पेपर हीच आपली फूटपट्टी, आणि फूटपट्टीच वाकडी असेल तर काय मोजणार. म्हणून आधी यंत्र, मग अंधार, मग थर्मामीटर आणि केमिकल, मग पेपर, आणि मग फिल्म. याच क्रमाने लिहितोय. कंटाळा येईल, पण मधलं गाळू नका.

माझा एनलार्जर काकाचाच. गिरगावात त्याचा पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ होता, डिजिटल आल्यावर बंद केला आणि एनलार्जर चाळीतल्या माळ्यावर गेला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. मुंबईत ही सगळ्यात मोठी चूक. पिशवीत दमट हवा कोंडते आणि आत बुरशी मजेत वाढते. त्यापेक्षा जुनी सुती चादर टाकून ठेवला असता तर धूळ बसली असती पण लेन्स वाचली असती. मेओप्टाचा ओपेमस आहे, जुन्या चेकोस्लोव्हाकियाचा, लोखंडासारखा दणकट, टॅक्सीतून भांडुपला आणताना टॅक्सीवाल्याने विचारलं शिवणयंत्र आहे का.

असा बंद पडलेला एनलार्जर घरी आणला की पहिलं काम प्लग न लावणं. खरंच सांगतो. वायर बघा आधी. जुन्या वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, बॉडी अख्खी धातूची आणि आपण ओल्या हाताने काम करणार. मी लोहार चाळीतून नवीन तीन कोअरची वायर, नवा होल्डर आणि थ्री पिन आणली आणि बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बॉडीला जोडून घेतलं. हे स्वतः येत नसेल तर करू नका, दोन-तीनशे रुपये द्या आणि करून घ्या.

मग भाता, म्हणजे बेलोज. रात्री खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च आतून लावायचा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघायचे, भोकं कोपऱ्यातच पडतात. बारीक भोकाला काळा फॅब्रिक पेंट आतून दोन हात. मोठं असेल तर पातळ काळं कापड चिकटवा, पण घडी मिटायला हवी, जाड पट्टी लावलीत तर भाता बंदच होणार नाही.

कंडेन्सरच्या, म्हणजे बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या, दोन मोठ्या काचा असतात, त्या काढायच्या आधी फोटो काढून ठेवा कुठली बाजू वर होती त्याचा. साधारणपणे दोन्हीच्या फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून असतात. त्यांना सहसा कोटिंग नसतं, त्यामुळे भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब आणि कोमट पाणी, मऊ हाताने धुवा, जुन्या सुती बनियनने पुसा. बनियन म्हणतोय ते गंमत म्हणून नाही, नवीन कापडात खळ असते, तिचे ओरखडे पडतात.

लेन्सचं मात्र नाजूक. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, टॉर्च मागून लावून तिरपं बघितलं की लगेच कळतं. वरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापडावर घेऊन, लेन्सवर ओतून नाही. आत असेल तर लेन्स उघडावी लागते आणि त्याला बरोबर मापाचा पाना लागतो, पक्कड घेऊन बसू नका, बोराबाजारात कॅमेरा दुरुस्तीवाले आहेत त्यांच्याकडे न्या. बुरशीने काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग जाणार नाही, पण थोडासा डाग प्रिंटमध्ये दिसतो असंही नाही, कॉन्ट्रास्ट जरा पडतो एवढंच. काकाच्या लेन्सला कडेला असा एक डाग आहे, मी एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून काम करतो, मला आजवर त्रास नाही. लेन्स आता डब्यात राहते, हवाबंद डबा, आत सिलिका जेल, जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्यायचे (तवा वेगळा ठेवा, पोळीचा नको, आईने माझा जीव घेतला असता).

तेल ग्रीस घालायची घाई करू नका. कॉलमवर वर-खाली करायची जी चाकं असतात ती काही एनलार्जरमध्ये नुसत्या घर्षणावर धरून असतात, तिथे तेल पडलं की डोकं हळूहळू खाली सरकत येतं, प्रिंट मारताना फोकस जातो आणि आपण डोळे तपासायला जातो. जिथे दाते आहेत तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बास. आणि तो गंज काढायचा स्प्रे लेन्सच्या आसपास अजिबात मारू नका, त्याची वाफ काचेवर बसते.

बल्बबद्दल जरा जास्त लिहितो कारण मी इथे महिना घालवला. एनलार्जरचा बल्ब म्हणजे दुधी काचेचा ओपल बल्ब, ७५ वॉट वगैरे, आणि त्याच्या टोकावर कंपनीचं नाव छापलेलं नसतं. साधा दुधी बल्ब लावलात तर ते नाव कंडेन्सरमधून पेपरवर पुसट डागासारखं उतरू शकतं. माझ्याकडे आट्यांचा होल्डर आहे, घरातला पिनवाला बल्ब त्यात बसत नाही. एलईडी लावता येतो, मी पण लावून बघितला, पण दोन भानगडी आहेत. काही एलईडी बंद केल्यावरही क्षणभर मंद चमकत राहतात, तेवढं एक्स्पोजर वाढतं. दुसरं म्हणजे मल्टिग्रेड पेपरचा कॉन्ट्रास्ट (जो ग्रेडच्या आकड्याने सांगतात) निळ्या आणि हिरव्या उजेडाच्या प्रमाणावर ठरतो आणि एलईडीचं प्रमाण बल्बपेक्षा वेगळं, त्यामुळे ग्रेड २ चा फिल्टर लावून ग्रेड २ मिळेलच असं नाही. चालवायचा तर चालवा, पण मग सगळ्या टेस्ट त्याच बल्बवर करा, मध्येच बदलू नका.

आणि व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं, जुना तारेचा बल्ब लगेच पिवळट होतो, तोच प्रिंट सात वाजता वेगळा आणि बारा वाजता वेगळा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर लावला, बराच फरक पडला. तसाही मी रात्री साडेअकरानंतरच काम करतो.

अलाइनमेंटला मोठं काही लागत नाही. गवंड्याकडे असते तशी छोटी स्पिरिट लेव्हल घ्या, ती बेसबोर्डवर, मग निगेटिव्ह कॅरिअरवर (निगेटिव्ह धरणारी चौकट), मग लेन्सच्या बोर्डवर ठेवून बघा, तिन्हीकडे बुडबुडा सारख्याच जागी हवा (मधोमध नसला तरी चालेल, जमीन कुणाची सरळ असते). नंतर एक वाया गेलेली काळी निगेटिव्ह घ्या, सुईने फुलीफुलीच्या रेघा ओढा, कॅरिअरमध्ये घाला, लेन्स पूर्ण उघडी ठेवून मधोमध फोकस करा आणि चारही कोपरे बघा. एक कोपरा मऊ येत असेल तर डोकं झुकलंय. काकाचा एनलार्जर माळ्यावरून उतरवताना थोडा वाकला होता, कॉलमच्या बुडाशी पोस्टकार्डाचा तुकडा घातला आणि सरळ झाला.

एक पावसाळ्याचा प्रकार: काचेचा कॅरिअर असेल तर जून ते सप्टेंबर निगेटिव्ह काचेला चिकटून न्यूटन रिंग्ज येतात, पाण्यावर तेल सांडल्यासारखी वर्तुळं. ३५ मिमीला बिनकाचेचा कॅरिअर वापरा, प्रश्नच मिटला.

आता अंधार. बाथरूममध्ये जाऊन दार लावा आणि दहा मिनिटं बसा. नुसतं बसा, मोबाईल बाहेर ठेवून. मग पांढरा कागद तोंडासमोर धरा. दिसला तर अंधार नाही. पहिल्या दोन मिनिटांत सगळं काळंकुट्ट वाटतं, सातव्या-आठव्या मिनिटाला दाराची फट दिसायला लागते, मग व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्यांमधून समोरच्या बिल्डिंगची ट्यूबलाईट, मग गीझरचा इंडिकेटर. गीझरचा तो छोटासा लाल दिवा सगळे विसरतात, आणि हातातलं स्मार्ट घड्याळसुद्धा. व्हेंटिलेटरला काळा प्लास्टिकचा कागद डबल लावा, दाराला खाली जुनी सतरंजी. रोल रिळावर चढवायला एवढी उस्तवार नको असेल तर चेंजिंग बॅग (हात घालायला बाह्या असलेली काळी बंद पिशवी) घ्या, पण मे महिन्यात बॅगेत हात इतके घामेजतात की फिल्म अर्ध्यात अडकते, त्यामुळे मी उन्हाळ्यात बॅग वापरत नाही.

लाल दिव्याची तर वेगळीच कथा. देवघरातला झिरोचा लाल बल्ब खूप जण सेफलाईट, म्हणजे पेपर खराब न करणारा दिवा, म्हणून लावतात, मीही लावला होता, पण त्याचा रंग वरून फासलेला असतो, कुठे पातळ असतो आणि तिथून पांढरा उजेड निसटतो. टेस्ट सोपी आहे. पूर्ण अंधारात पेपरच्या तुकड्याला एनलार्जरने एवढासाच उजेड द्या की धुतल्यावर हलका करडा येईल (हे आधी दोन-तीन तुकड्यांवर ठरवून घ्या). मग त्याच पेपरवर एक रुपयाची नाणी ठेवा, सेफलाईट लावा, दर दोन मिनिटांनी एक नाणं उचला, सहा-आठ मिनिटांपर्यंत. धुतल्यावर नाण्याचा गोल दिसला तर तेवढा वेळ तुमचा दिवा सेफ नाही. आधी करडा करून का घ्यायचा, तर कोऱ्या पेपरला थोडा उजेड लागला तरी तो दाखवत नाही, एक्स्पोज झालेला पेपर लगेच दाखवतो. माझा देवघरातला बल्ब चार मिनिटांतच नापास झाला. आणि हे सगळं फक्त पेपरसाठी. फिल्मला लाल दिवा अजिबात चालत नाही, आजची साधी ब्लॅक अँड व्हाईट फिल्म लाल पण बघते, तिला काळोखच हवा.

टँक आणि रीळ. नळीचं सांगितलंच. प्लास्टिकच्या रिळातले दोन छोटे स्टीलचे छर्रे हलवून बघा, अडकत असतील तर गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा. तिथे वर्षानुवर्षांचं वेटिंग एजंट (पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी वापरायचं साबणासारखं द्रव) साचलेलं असतं आणि हवेतल्या दमटपणाने ते चिकट होतं. रीळ हाडासारखं कोरडं पाहिजे, पावसाळ्यात मी चढवायच्या आधी पाच मिनिटं हेअर ड्रायर मारतो. आणि एक फुकट गेलेला रोल हाताशी ठेवा, डोळे उघडे ठेवून दहा वेळा, मग मिटून दहा वेळा चढवा.

थर्मामीटरवर कोणी संशय घेत नाही आणि तिथेच सगळं बिघडतं. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, पाच मिनिटांनी थर्मामीटर ० दाखवायला हवा. मग ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणि हा, दोन्ही ३८ अंशाच्या आसपासच्या पाण्यात एकत्र धरा. किती फरक येतो तो टेपवर लिहून थर्मामीटरला चिकटवा. माझा दोन अंश कमी दाखवतो, म्हणजे मी २० समजून २२ वर धुवत होतो.

२० चाच विषय निघाला तर, डब्यावर सगळीकडे २० अंश लिहिलेलं असतं आणि मुंबईच्या नळाला २० अंशाचं पाणी जानेवारीतसुद्धा मुश्किलीने. मे महिन्यात टाकी तापली की ३० च्या वर. बर्फ टाकून २० वर आणता येतं, पण नऊ-दहा मिनिटं तिथेच टिकवणं आणि मग स्टॉप (डेव्हलपर थांबवणारं), हायपो (फोटो पक्का करणारं, म्हणजे फिक्सर), धुवायचं पाणी पण तेवढंच ठेवणं... डेव्हलपर २० आणि धुवायचं पाणी ३१ असं झालं तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडायची भीती. कोणीतरी सांगेल माठातलं पाणी वापर. मी वापरून बघितलं, माठ गार होतो तो पाणी झिरपून वाळल्यामुळे, आणि आपल्या हवेत ते वाळतच नाही, नागपूरला चालेल.

म्हणून मी २४ अंश हा माझा आकडा ठरवलाय, बारा महिने. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात केमिकलच्या बाटल्या आणि दोन बर्फाच्या बंद पिशव्या, अर्ध्या तासात सगळं २४ वर येतं. दर अंशाला साधारण १० टक्के वेळ कमी करायचा. उदाहरणार्थ एचपी ५ (इलफर्डची फिल्म) डी-७६ (कोडॅकचा डेव्हलपर) मध्ये १+१ ला, म्हणजे निम्मं पाणी मिसळून, २० अंशाला १३ मिनिटं धरली, तर २४ ला साधारण ९. स्टॉक, म्हणजे पाणी न मिसळता, वापरलात तर २० ला साडेसात, म्हणजे २४ ला पाचच्या आसपास, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलात की ओतण्या-काढण्यातच फिल्म एकसारखी धुतली जात नाही, पट्टे येतात. म्हणून गरम हवेत नेहमी पातळ डेव्हलपर. १८५४ मध्ये याच शहरात फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, ते लोक याच उकाड्यात, ना फ्रीज ना गीझर, निगेटिव्ह करत होते, तेव्हा आपल्याला तक्रारीला फारशी जागा नाही.

डी-७६ तयार मिळतो, पण घरी करणं स्वस्त पडतं आणि ताजा मिळतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला लॅब केमिकलवाले आहेत. ७५० मिली पाणी ५० अंशाच्या आसपास गरम करा, मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट निर्जल १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने, एक विरघळलं की दुसरं, मग थंड पाणी घालून १ लिटर. सुरुवातीला चिमूटभर सल्फाईट टाका म्हणजे मेटॉल लाल पडत नाही, पण सगळं सल्फाईट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळणारच नाही, वर तरंगत बसेल. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. मेटॉलने काही जणांच्या हाताला खाज येऊन चट्टे उठतात, काकाच्या बोटांना अजून आहेत, ग्लव्हज घाला, पावडर मोजताना पंखा बंद आणि तोंडाला मास्क. स्वयंपाकाची भांडी याच्यात आणायची नाहीत आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत केमिकल भरलंत तर लेबल फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, घरात लहान मुलं असतील तर कुलपात. बाटली अर्धी झाली की हवेने डेव्हलपर मरतो, मी काचेच्या बाटलीत गोट्या टाकून पातळी वर आणतो, डोंबिवलीच्या भाच्याच्या गोट्या गेल्या त्यात.

डेव्हलपर जिवंत आहे का ते बघायला रोलचा सुरुवातीचा जिभेसारखा तुकडा असतो ना, तो उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत काळा ठिक्कर पडला पाहिजे. तपकिरी, अर्धवट झाला तर ओतून टाका. प्रत्येक वेळी रोल धुवायच्या आधी करा, काही मिनिटांचंच काम आहे आणि मेलेल्या डेव्हलपरमध्ये लग्नाचा रोल टाकलेला माणूस मला माहीत आहे.

हायपोची टेस्ट तर बघायला मजा येते. तसाच दुसरा तुकडा घ्या, त्यावर हायपोचा एक थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मग अख्खा तुकडा हायपोत बुडवून घड्याळ लावा. थेंबाचा गोल आधीच पारदर्शक झालेला दिसतो, बाकीचा तुकडा त्याच्याइतका पारदर्शक होऊन गोल दिसेनासा झाला की वेळ थांबवा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवायची. ताज्या हायपोला जो वेळ लागला होता त्याच्या दुप्पट लागायला लागला की तो हायपो संपला. साधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हळू असतो, अमोनियमवाला रॅपिड फिक्सर चटकन काम करतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा. लोखंडी तारेचा काथ्या टाकून ठेवला की चांदी काळा गाळ होऊन खाली बसते. त्यातून कोणी श्रीमंत झालेलं नाही, आधीच सांगतो.

पेपर जुना असेल तर: पूर्ण अंधारात एका तुकड्याचे दोन भाग करा, एक थेट हायपोत, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं आणि मग हायपोत. उजेडात शेजारी ठेवा. दोन्ही सारखे पांढरे असतील तर पेपर चांगला, दुसरा करडा असेल तर फॉग झालाय, म्हणजे उजेड न लागताच काळवंडलाय. काकाच्या माळ्यावर इंदूचं एक पाकीट सापडलं, ऊटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स, १९६० साली सरकारने काढलेली, तिचा ब्रँड. पाकीट बंद होतं म्हणून मी खूश, पण टेस्टमध्ये दुसरा तुकडा चक्क राखेच्या रंगाचा. डेव्हलपरमध्ये थोडं बेन्झोट्रायझोल (फॉग दाबणारं केमिकल) टाकलं की फॉग दबतो, स्पीडही (पेपर उजेडाला किती चटकन दाद देतो तो) दबतो, थोडा फॉग असेल तरच त्याचा उपयोग. ते पाकीट मी आठवण म्हणून ठेवलंय. फिल्मच्या टेस्टसाठी मात्र नवाच पेपर घ्या.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. मागचं दार उघडून कडेचा उजेड अडवणारा फोम बघा, डांबरासारखा चिकट झाला असेल तर खरवडून काढा आणि काळी लोकर किंवा नवीन फोम लावा. शटरला मोबाईलचा स्लो मोशन पुरतो: २४० फ्रेमवर ठेवा, मागचं दार उघडं, समोर दिवा, १/३० ला साधारण ८ फ्रेममध्ये उजेड दिसायला हवा, १/१५ ला १६. १/१२५ च्या पुढे या पद्धतीवर भरवसा नको, म्हणून टेस्ट रोल हळू स्पीडवर आणि ट्रायपॉडवर काढा.

आली एकदाची फिल्म. समजा रोलवर ४०० स्पीड (म्हणजे उजेड टिपायची ताकद, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) लिहिलंय आणि तो बरेच वर्ष जुना आहे, कुणाच्या कपाटात किती उन्हाळे काढले देव जाणे.

आधी फॉग. अंधारात रोलच्या आतल्या भागातून बोटभर तुकडा कापा (म्हणजे तेवढ्या शेवटच्या फ्रेम गेल्या, जाऊ दे), अर्धा थेट हायपोत, अर्धा पूर्ण धुऊन. पेपरसारखंच. पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, फरक थोडा असेल तर पुढे जा, धुतलेल्या तुकड्यातून वर्तमानपत्राचं बारीक अक्षर वाचता येत नसेल तर हा रोल टेस्ट करण्यात वेळ घालवू नका.

मग एक सीन ठरवा, जो अर्धा तास बदलणार नाही. ढगाळ दिवस किंवा बिल्डिंगची सावलीची बाजू. त्यात तीन गोष्टी हव्यात: काळं पण पोत असलेलं काहीतरी (मी काळी घोंगडी टांगतो), मधली करडी भिंत, आणि पांढरा पण कोरा नसलेला कपडा, सुरकुत्या दिसतील असा. मीटर करडी भिंत बघून लावा. आणि सहा फ्रेम काढा, ८०० धरून, ४००, २००, १००, ५०, २५. मग लेन्सवर टोपी ठेवून दोन कोऱ्या. अशी आठची एक माळ झाली. तीच माळ रोल संपेपर्यंत परत परत काढा.

आठच का ते सांगतो. ३५ मिमीला एक फ्रेम मधल्या जागेसकट ३८ मिलिमीटर घेते, आठ फ्रेम म्हणजे ३०४, म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी. अंधारात फूटपट्टी लावून कापायचं. कात्री कधी कोऱ्या फ्रेमवर पडेल, कधी एखादी कामाची फ्रेम कापली जाईल, पुढच्या माळेत ती असतेच. असे तीन तुकडे काढा आणि एकेक वेगळ्या वेळेला धुवा. माझ्यासाठी २४ अंशाला १+१ मध्ये ७, ९ आणि ११ मिनिटं. ढवळणं तिन्ही वेळा सारखं, पहिली ३० सेकंद सतत, मग दर मिनिटाला चार वेळा उलटसुलट, टँक खाली ठेवताना टणकन आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. तीन तुकड्यांना तीन वेळा ताजा डेव्हलपर, वाचवायला जाऊ नका, नाहीतर काय बदललं ते कळणारच नाही.

वाळले की कोरी फ्रेम एनलार्जरमध्ये घाला. डोकं तुमच्या नेहमीच्या उंचीवर, एफ ८, ग्रेड २. एकाच पेपरवर पट्टीपट्टीने तीन-तीन सेकंद वाढवत टेस्ट स्ट्रिप मारा आणि ती पूर्ण वाळू द्या, ओला पेपर वेगळा दिसतो. आता बघा कुठल्या पट्टीनंतर काळा आणखी काळा होत नाही. समजा १५ सेकंदांनंतर १८ आणि २१ सारखेच दिसतात, तर १५ हा तुमचा वेळ. कोऱ्या फिल्ममधून पूर्ण काळं यायला लागणारा कमीत कमी वेळ. पेपरच्या पाकिटावर, एनलार्जरवर, कुठेतरी लिहून ठेवा.

सगळ्या फ्रेमचे छोटे प्रिंट याच १५ सेकंदांवर, याच उंचीवर मारायचे. हात शिवशिवतील, ही थोडी काळी आली जरा कमी देऊ, नाही. आता फक्त घोंगडी बघा. ८०० आणि ४०० ला ती काळ्यात बुडालेली असेल. ज्या फ्रेमला घोंगडीचे धागे पहिल्यांदा काळ्यातून वर येतात तो तुमच्या रोलचा खरा स्पीड. माझा तो ४०० वाला रोल १०० ला आला. मग त्याच १०० च्या फ्रेमचे तिन्ही वेळांचे प्रिंट शेजारी ठेवा आणि पांढरा कपडा बघा. ११ मिनिटांवाल्यात सुरकुत्या गायब, नुसता कोरा पेपर, म्हणजे जास्त धुतलाय. ७ वाल्यात कपडा मळका. ९ ला सुरकुत्याही आहेत आणि कपडा पांढराही आहे. वेळ बदलल्याने घोंगडीत फार फरक पडत नाही, कपड्यात पडतो, म्हणून हे दोन आकडे वेगळेवेगळे काढता येतात. नऊ मिनिटं छापील हिशोबातून आलं होतं तेच निघालं, तेव्हा मला जरा बरं वाटलं, पण माझ्या एका मित्राला कल्याणला त्याच डेव्हलपरमध्ये आठ लागतात, तो जोरात ढवळतो.

आता हायपो काढायला पाण्याने धुणं. पाणीकपात असेल तेव्हा नळाखाली अर्धा तास धरणं परवडत नाही. इलफर्डची पद्धत बघा: रॅपिड फिक्सर असेल तर टँक भरा, ५ वेळा उलटा करा, ओता, भरा, १० वेळा, भरा, २० वेळा. झालं, दीड लिटरमध्ये काम. पाणी तेवढंच २४ अंशाचं. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरची, गॅरेजवाल्याकडे बॅटरीत घालायचं मिळतं ते, त्यात वेटिंग एजंटचा थेंब. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा तर हे सोडूच नका, वाळल्यावर मातीचे कण जिलेटिनमध्ये रुतून बसतात आणि प्रिंटमध्ये आभाळात पांढरे ठिपके.

वाळत घालायच्या आधी बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम शॉवर सोडून धूळ खाली बसू द्या, मग फिल्म टांगा, खाली कपड्यांचे दोन चिमटे वजनाला. पंखा नको. जुलैत सहा-सात तास सहज लागतात, रात्री टांगली तर सकाळी सगळ्यांच्या आंघोळीच्या आधी काढावी लागते, आमच्याकडे आई साडेपाचला उठते.

उरलेले रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात, कोथिंबिरीच्या मागे. डब्यावर मार्करने "१०० / ९ मि / २४ अंश" लिहिलंय. काढलात की डबा लगेच उघडू नका, बाहेर दोन-तीन तास तसाच राहू द्या, पावसाळ्यात जास्तच, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. आणि एकदा फोटो काढले की रोल आठवडाभर बॅगेत घेऊन लोकलमधून फिरू नका, त्याच शनिवारी धुवा.